पहिली हाक

आत्मा म्हणजे काय, जग सत्य की मिथ्या, पुनर्जन्म आहे की नाही, या प्रश्नांवर आपल्या पूर्वजांनी इतका खल केला, की त्या खलात काही साधे प्रश्न पार बारीक कुटले जाऊन दिसेनासे झाले. झोपलेल्याला पहिली हाक मारणाऱ्याची जबाबदारी किती, हा त्यांतलाच एक. दाखले आहेत, भाष्य नाही. मुचकुंद राजा गुहेत झोपला होता. कालयवनाने त्याला कृष्ण समजून लाथ मारली, राजाने डोळे उघडले आणि कालयवनाची जागच्या जागी राख झाली. आता खुद्द कृष्णच तिथे आडोशाला उभा होता म्हणून ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली. तो नसता, तर दुसऱ्या दिवशी गुहेपाशी आलेल्या गुराख्याला ही राख कोणाची आणि कशाने झाली, हे कोण सांगणार होते? ‘त्या गुहेत काहीतरी आहे, तिकडे जाऊ नये,’ एवढेच गावभर झाले असते. आणि पुढची शंभर वर्षे तिकडे कोणी गेले नसते.

गावे अशी चालतात हे मला ठाऊक होते. यंत्रेही अशीच चालतात, हे मात्र मला भाच्याने सांगितले.

हा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. (पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नसलेला भाचा असला तर तो दाखवायला ठेवावा.) रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा लॅपटॉपही जेवायला येतो. अशाच एका रविवारी आमटीचा पहिला भुरका मारून तो म्हणाला, “मामा, तीन दिवस झाले, क्लास उठत नाहीये.”

“गणिताचा का?” मी विचारले. आमच्या पिढीला क्लास एकच माहीत. तो उठतच नाही, सुटतो.

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात मामाविषयीचा आदर आणि मामाच्या वयाविषयीची दया यांचे प्रमाण एकास तीन होते. मग त्याने मला सगळे समजावून दिले, आणि त्याचा भात निवला.

तर गोष्ट अशी. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जावा नावाची भाषा जगापुढे आणली. (ही कंपनी पुढे २०१० साली ओरॅकलने विकत घेतली, भाषा माहेरचेच नाव लावते.) या भाषेत लिहिलेले काम खऱ्या यंत्रावर थेट चालत नाही. ते चालते व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे नसलेल्या यंत्रावर. नसलेल्या यंत्रावर असलेले काम चालते आणि त्याचा पगार खरा मिळतो, हे ऐकून मला शंकराचार्यांची फार आठवण झाली. या यंत्रात जी माणसे, म्हणजे घराणी, राहतात त्यांना म्हणतात क्लास. प्रत्येक क्लासची एक फाइल. आपण पत्राच्या डोक्यावर ‘श्री’ लिहितो, तसे या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर ठरावीक चार बाइट असतात. ते त्यांच्या सोळाच्या हिशेबात वाचले की ‘कॅफे बेब’ असे शब्द होतात. ज्याचे त्याचे दैवत.

आता यातली नामी गोष्ट. हे क्लास यंत्र सुरू झाल्याबरोबर सगळे उठून बसत नाहीत. ज्याला हाक येईल तो उठतो. कोणी त्याच्याकडून नवी वस्तू मागितली, त्याच्या सामायिक कामाला हात घातला, की त्याची पहिली आणि एकमेव आंघोळ होते, तिला म्हणतात इनिशियलायझेशन. ही एकदाच. पण उठण्याआधी त्याने वडिलांना उठवायचे, वडिलांनी आजोबांना, असे करत थेट मूळपुरुषापर्यंत. एका नातवाला पाणी मागितले म्हणून अख्खा वाडा जागा होतो. उलट, कायमचे ठरून गेलेले काही विचारले, जसे की ‘तुमच्या घराचा नंबर किती?’, तर कोणी उठत नाही. ते उत्तर विचारणाऱ्याच्या वहीत आधीच उतरवून ठेवलेले असते. हे मला फार व्यवहारी वाटले.

क्लासच्या अवस्था चार. आपले आश्रमही चार, म्हणून मी कान टवकारले. पहिली, मांडामांड झाली आहे पण तयारी झालेली नाही. या अवस्थेत त्याच्या प्रत्येक खणात शून्य ठेवलेले असते. दुसरी, तयारी चालू आहे. तिसरी, तयार. आणि चौथी? संन्यास म्हणाल तर नाही. चौथीचे नाव ‘सदोष’. पहिल्या हाकेला उठताना ज्याचा पाय घसरला, तो सदोष. त्याला त्या यंत्राच्या उरलेल्या आयुष्यात पुन्हा कोणी उठवत नाही.

“पुन्हा कधीच नाही?” मी विचारले.

“यंत्र बंद करून सुरू करेपर्यंत नाही.”

“अरे पण बिचाऱ्याचं काय चुकलं होतं?”

“काहीही असेल. एखादी फाइल त्या क्षणी जागेवर नसेल. दोन मिनिटांनी आलीही असेल.”

“आणि तरी पुन्हा नाही?”

“नाही.”

सासुरवास म्हणतात तो हाच. पण भाच्याने यंत्राची बाजूही सांगितली आणि ती ऐकण्यासारखी आहे. पडलेला क्लास नेमका कुठल्या पायरीवर पडला, हे यंत्राला समजत नाही. अर्धे काम झालेले असते. एखादी फाइल उघडलेली असते, एखादा निरोप धाडून झालेला असतो. पुन्हा पहिल्यापासून ‘उठ’ म्हटले, तर जे झाले आहे तेही दुसऱ्यांदा होणार. पाहुण्याला निरोप दोनदा गेला तर फारसे बिघडत नाही, पण बँकेतून पैसे दोनदा गेले तर बिघडते. म्हणून यंत्र म्हणते, मला तुझ्या आतले कळत नाही, तेव्हा मी तुला हातच लावत नाही. यात कठोरपणा आहे, पण दुष्टावा नाही. न कळणाऱ्याने ढवळाढवळ करू नये, हे धोरण माणसांत दिसले असते तर मी त्याला सज्जनपणाच म्हटले असते.

माझी अडचण पुढे आहे. क्लास पडला, की ज्याने पहिली हाक मारली त्याला यंत्र सविस्तर कारण देते. अमक्या ओळीत, अमक्यापाशी, अमकी फाइल नव्हती म्हणून पडला. कालयवनाला निदान आपण कशाने जळतो आहोत ते कळले, तसे. पण त्याच्यानंतर जे हाक मारायला येतात, त्यांना एवढेच सांगण्यात येते की ‘कुड नॉट इनिशियलाइझ क्लास’. हा उठू शकला नाही. का, ते नाही. वर ज्या चुकीच्या नावाखाली हे सांगतात ते नाव आहे ‘नो क्लास डेफ फाउंड’, म्हणजे अशा क्लासची व्याख्याच सापडली नाही. माणूस समोर पडलेला आहे, आणि दारावर पाटी ‘येथे कोणी राहत नाही’.

अर्थात पहिला हाक मारणारा भला असेल तर कारण लिहून ठेवतो आणि पुढच्यांची सोय होते. आता भाच्याच्या घरी, म्हणजे त्याच्या यंत्रात, पहिली हाक कोणी मारली होती? नेटिव्हने.

हा शब्द ऐकला की आमच्या आधीच्या पिढीला गोरा साहेब आठवायचा. आम्हा मुंबईकरांना मात्र गाव आठवते. ‘कुठे आहे रे तो?’ ‘नेटिव्हला गेलाय.’ जावाच्या जगातला नेटिव्ह म्हणजे नेमका हा गावाकडचा पाहुणा. तो सी भाषा बोलतो, नसलेल्या यंत्राचे सोंग त्याला मान्य नाही, तो थेट खऱ्या यंत्राशी बोलतो. पण कधी कधी त्यालाही वाड्यात काम पडते. मग त्याच्यासाठी मागच्या बाजूला एक दार ठेवले आहे. पूर्वी ही दारेही निराळी निराळी होती. सनच्या पहिल्या आवृत्तीचे एक, नेटस्केपचे दुसरे, मायक्रोसॉफ्टचे तिसरे. एका दाराने आलेल्या पाहुण्याला दुसऱ्या वाड्यात कोणी ओळखत नसे. १९९७ साली जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर सर्वांसाठी एकच दार ठरले, त्याचे नाव जे.एन.आय. त्याची घडण पुष्कळशी नेटस्केपच्या दारावरून घेतलेली. असो. भांडण मिटले की श्रेय कोणाचे ते विचारू नये, पुन्हा भांडण होते.

या मागल्या दाराचे नियम गावाकडच्या पाहुण्याला शोभतील असेच आहेत. पुढल्या दाराने येणाऱ्याला ‘खाजगी’ लिहिलेल्या खोलीत जाता येत नाही. मागल्या दाराने येणाऱ्याला ती पाटी कोणी दाखवत नाही. तो सरळ देवघरातून कोठीत जातो. तो चुकीचे काही मागतो आहे का, हेही दार तपासत नाही. तपासत बसले तर वेळ जातो, असे नियमांत चक्क लिहिले आहे. सगळ्यांत विलक्षण म्हणजे या पाहुण्याने केवळ पत्ता विचारला, ‘अमक्याचे अमके काम कुठे असते हो?’, तर तेवढ्याने तो अमका झोपेतून उठवला जातो. या विचारण्याला ‘गेट मेथड आयडी’ म्हणतात. विचारणाऱ्याला वाटते, आपण फक्त पत्ता घेतला. आत वडील, आजोबा, मूळपुरुष, सगळे दिवे लागलेले असतात.

आणि आत कोणी पडले, तर? पुढल्या दाराने आलेल्याच्या हातातले काम तिथल्या तिथे थांबते. आरडाओरडाच होतो म्हणा ना. नेटिव्हच्या बाबतीत तसे नाही. त्याला पत्त्याऐवजी रिकामा कागद मिळतो, आणि वाईट बातमी त्याच्या खिशात गुपचूप ठेवली जाते. आपल्याकडे २०१३ साली तार बंद झाली, पण ज्यांनी तारा पाहिल्या आहेत त्यांना कळेल. तार घरात येऊन पडली आहे, कोणी फोडलेली नाही, आणि घरातले कर्ते पुरुष दाढी करताहेत. तार फोडून बघायची सोय आहे. तशीच न वाचता फाडून टाकायचीही सोय आहे. तिला म्हणतात ‘एक्सेप्शन क्लिअर’.

भाच्याच्या यंत्रात नेमके हेच झाले होते. कोणा एका नेटिव्हने पहाटे पत्ता विचारला, क्लास उठताना पडला, नेटिव्हने तार फाडली आणि ‘नसेना का, दुसरीकडून काम करू’ म्हणून शांतपणे पुढे गेला. कारण फक्त त्यालाच सांगितले गेले होते. आणि त्याने ते ऐकलेही नाही. त्यानंतर दिवसभर जे जे आले त्यांना एकच उत्तर: हा उठू शकला नाही. तीन दिवस चार शहाणे माणसे त्या निरपराध क्लासची झडती घेत होते. त्यात काहीच सापडत नव्हते, कारण त्यात काही नव्हतेच.

“अरे, पण पाहुण्याने तार फाडली का?”

“सभ्यपणा, मामा. प्रोग्रॅम चालू राहावा म्हणून. लिहिणाऱ्याला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला गोंधळ?”

हे उत्तर मला जेवणभर पुरले.

आता यंत्राला न्याय द्यायचा तर हे सांगितले पाहिजे की जावाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही गोष्ट सुधारली आहे. आता यंत्र स्वतःच मूळ कारण जपून ठेवते आणि नंतर येणाऱ्यालाही सांगते, ‘हा पडला आहे, आणि या कारणाने पडला.’ दुसरी संधी आजही नाही. पण कारण आहे. भाच्याचे गिऱ्हाईक जुन्या आवृत्तीवर होते, म्हणून तीन दिवस आणि माझ्याकडची आमटी वाया गेली.

याच वाड्याची आणखी एक तऱ्हा आहे. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीबरोबर वाड्याला एक खिडकी बसवली, तिचे नाव जे.व्ही.एम.टी.आय. ती तपासनिसांसाठी. या खिडकीतून पाहिले तर कोणी जागे होत नाही. कोण झोपला आहे, कोण तयार आहे, कोण सदोष आहे, हे बाहेरून कळते. उत्तम सोय. पण एखादा चलाख माणूस पत्ता या खिडकीतून घेतो आणि आत जातो जे.एन.आय.च्या दाराने. दाराला वाटते, याच्याजवळ पत्ता आहे त्याअर्थी माणूस उठलेला असणार. तो तर उठलेला नसतो. मग हा बहाद्दर झोपलेल्याच्या खणात हात घालतो, आणि त्याला तिथे शून्य मिळू शकते. मूळचेच शून्य, तयारीआधी ठेवलेले. बाहेर येऊन तो सांगतो, ‘पाहिलं, काही दम नाही.’ कुठे कसली चूक नाही, कोणी तक्रार करत नाही. फक्त शून्य. पडलेल्याला सदोष म्हणणे एकवेळ समजते. न उठवलेल्याला शून्य म्हणणाऱ्याचे काय करावे?

दोन क्लास एकमेकांसाठी खोळंबतात तो प्रकार मी लांबवत नाही. लग्नातली पंगत पाहिलेल्याला तो सांगावा लागत नाही. वरमाई म्हणते विहीणबाई बसल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही, विहीणबाई म्हणते वरमाई बसल्याशिवाय मी नाही, आणि भात निवतो. एवढेच सांगतो, की अशा वेळी यंत्राच्या हजेरीपुस्तकात त्या दोघांच्या नावापुढे ‘धावत आहे’ असा शेरा असतो. काही कचेऱ्यांशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.

पण मला त्या जेवणात सारखी आठवत होती ती आमची मावसबहीण. आम्ही तिला ताई म्हणतो. १९७४ साली तिला पहिल्यांदा पाहायला मंडळी आली. आठ माणसे, एक जीप. पोहे नव्हते, उपमा होता. मंडळी हसून बोलली, पानसुपारी झाली, आणि आठ दिवसांनी पत्र आले, ‘योग नाही.’ कारण नाही. मावशीच्या यजमानांनी मध्यस्थाला विचारले, तो म्हणाला, विचारू नये, बरं दिसत नाही. पुढे दुसरे स्थळ ठरत आले, तर त्यांच्या कानावर गेले की आधी एकदा मोडले आहे. का मोडले? माहीत नाही, पण मोडले आहे खरे. तिसऱ्याला नुसतेच कळले की तिथे काही जमत नाही म्हणतात. कोणी तिची पत्रिका काढली, कोणी डोळ्यांत दोष सांगितला, कोणी घराण्यात. ताई बी.ए., बी.एड. झाली, गात होती, भरतकाम करत होती. पण गावात तिची अवस्था चौथी.

मग १९८१ साली तिने सोलापूरला एका शाळेत नोकरी धरली. भाच्याच्या शास्त्रात याचीही तरतूद आहे. क्लासची ओळख नुसत्या नावाने होत नाही; त्याला वाड्यात आणणारा एक लोडर असतो, आणि नाव अधिक लोडर मिळून ओळख ठरते. तोच क्लास, तीच फाइल, दुसऱ्या लोडरने आणली, की यंत्राच्या लेखी तो नवा क्लास. शून्यापासून तयारी, जुना शेरा लागू नाही. सोलापुरात ताईला ओळखणारे कोणी नव्हते. दोन वर्षांत तिचे लग्न झाले, त्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी.

आता चार-पाच वर्षांपूर्वी एका मुंजीत माझ्या शेजारच्या पाटावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बोलता बोलता नाते निघाले. ते म्हणाले, “तुमच्या मावशीकडे मुलगी पाहायला आलो होतो की आम्ही! जीपमध्ये मीही होतो.” वय झालेल्या माणसाला काही विचारायला संकोच राहत नाही. मी विचारले, का नाही म्हणालात?

त्यांना आठवायला अर्धी जिलबी लागली. “उपमा हो. खारट होता. भयंकर खारट. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, हात असा असेल तर कसं व्हायचं? आता एवढ्याशा गोष्टीसाठी नकार कळवायचा म्हणजे बरं दिसेना. म्हणून कारण कळवलंच नाही. उगाच त्या मुलीचा अपमान कशाला?”

त्यांचा चेहरा निर्मळ होता. त्यांनी आयुष्यभर ही गोष्ट एक छोटेसे सौजन्य म्हणून सांभाळली होती. ‘उपमा खारट होता’ एवढे त्यांनी लिहिले असते, तर मावशी दोन दिवस संतापली असती, तिसऱ्या दिवशी हसली असती, आणि पुढच्या मंडळींना शिरा दिला असता. माणसाला यंत्रासारखे ‘मला आतले कळत नाही’ असे म्हणता येत नाही. त्याला तोंड आहे, त्याला विचारता येते. पण सांगणारा सभ्य निघाला आणि विचारणाराही सभ्य निघाला, तर काय करायचे?

हे ताईला सांगावे की नाही याचा मी महिनाभर विचार केला. शेवटी सोलापूरला गेलो तेव्हा सांगितले. ती शेंगा फोडत होती. हात थांबला.

“खारट?” ती म्हणाली. “थांब. मीठ मी घातलं होतं. नीट, मोजून. मग आई आत आली, तिने विचारलं, ‘मीठ?’ मी म्हटलं, ‘हो.’”

“मग?”

“मी ‘घातलंय’ म्हणाले. तिने ‘घाल’ ऐकलं.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराने डोळे पुसून हसू लागली, ते थांबेचना, आणि तिने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “अहो, ऐकलंत का? उपमा खारट झाला होता म्हणे!”

आतून वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. “मी कधी तक्रार केली का?” मास्तर म्हणाले.